दुधाला कुठली सुट्टी?

सुट्टी म्हटलं की तुमचे डोळे कसे चमकतात, ते मला चांगलं ठाऊक आहे. वर्गात रोज चाळीस जणांचे डोळे बघते ना मी! शनिवारी शाळा सुटल्याची घंटा झाली, की जो आरडाओरडा होतो तो पार वेशीपर्यंत ऐकू जातो. आणि तुम्हांला म्हणून सांगते, तेव्हा आम्हां शिक्षकांनाही तेवढंच बरं वाटतं.

पण लहानपणी आमच्या घरी एक सुट्टी अशी यायची, की ती आली म्हणजे आईचा चेहरा उतरायचा. 'दूध-सुट्टी' म्हणायचे तिला.

आमच्या दोन म्हशी होत्या. किटली घेऊन दूध घालायला जायचं काम माझं. मी पाचवीत असेन. थंडीचे दिवस होते. केंद्रावर पोचले तर काका नुसतेच बसलेले. "आज दूध घ्यायचं नाही. वरून निरोप आलाय, सुट्टी आहे. परत ने," ते म्हणाले. सात लिटरची किटली घेऊन मी आल्या वाटेने घरी. आईने काही न बोलता दूध चुलीवर चढवलं. शेजारीपाजारी तांब्या-तांब्या गेलं, उरलेल्याला विरजण लागलं. दुसऱ्या दिवशी कढी, तिसऱ्या दिवशीही कढी. मला वाटलं, काय मज्जा आहे! पण दहा दिवसांनी दुधाचा पगार झाला तो कमी निघाला, आणि माझी कंपासपेटी पुढच्या पगारावर ढकलली गेली. तेव्हा मज्जा संपली.

आता तुम्ही म्हणाल, दूध कुणाला नको असतं? मग परत का पाठवायचं? तर त्याचं असं आहे. आपल्याकडच्या पुष्कळशा म्हशी पावसाळ्यात आणि त्यानंतर विततात. हिरवा चारा भरपूर असतो. त्यामुळे थंडीत दुधाला नुसता पूर येतो. या दिवसांना डेअरीच्या भाषेत 'पुष्टकाळ' म्हणतात. उन्हाळ्यात दूध आटतं, तो 'कृशकाळ'. पण शहरातली माणसं चहा पिणार तो तेवढाच. हिवाळा आला म्हणून कुणी सकाळी दोन कपांऐवजी चार कप पितं का? दूध वाढतं, गिऱ्हाईक वाढत नाही. बरं, ठेवून द्यावं म्हटलं, तर धारोष्ण दूध लगेच चार अंशांपर्यंत गार केलं नाही, तर त्यातले जंतू भराभर वाढतात आणि काही तासांत ते नासतं. ज्वारीसारखं पोत्यात भरून ठेवायचा हा माल नव्हे.

मग ज्यांच्या जवळ शहर नाही, त्यांनी करायचं काय? हे बघायला गेल्या जानेवारीत मी कुंथलगिरीला गेले होते.

कुंथलगिरी धाराशिव जिल्ह्यात, भूम तालुक्यात आहे. बार्शीहून येरमाळ्याला गेलं की सोलापूर-धुळे महामार्ग लागतो. त्या रस्त्याने एसटीने सरमकुंडी फाट्यापर्यंत जायचं आणि तिथून आत वळायचं. फाट्यावर उतरल्या उतरल्या नाकाला गोड वास येतो. दुतर्फा पेढ्यांची दुकानं! मी ठरवलं होतं, आधी बघायचं आणि मग खायचं. पण खरं सांगू? आधी खाल्लं.

हा सगळा बालाघाटच्या डोंगरांचा मुलूख. खडकाळ माळ, मधूनच शाळूची हिरवी पट्टी, दूरवर कुसळी गवत. पाऊस बेताचा, बागायत थोडी. अशा ठिकाणी शेतीच्या जोडीला जनावरं पाळतात, कारण माळावर दुसरं काही नाही तरी गवत उगवतं. कुंथलगिरीच्या टेकडीवर जैनांचं मोठं तीर्थक्षेत्र आहे. कुलभूषण आणि देशभूषण हे मुनी इथेच मुक्त झाले असं मानतात. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली इथेच समाधी घेतली. लांबलांबून यात्रेकरू येतात आणि जाताना पेढे घेऊन जातात. टेकडीवर उभं राहून मी चहूकडे पाहिलं. पुणं दोनशे किलोमीटरच्या पलीकडे, मुंबई तर त्याहून लांब. पूर्वीच्या काळी, बर्फ नाही, गार टाकीची गाडी नाही, रस्ते असे नाहीत, अशा वेळी इथलं दूध कुठवर पोचणार होतं? म्हणून इथल्या लोकांनी दूध शहरात नेण्याचा नादच सोडला आणि त्याचा खवा केला.

टेकडी उतरून एका भट्टीवर गेले. पत्र्याची लांबट शेड, भिंती धुराने काळ्या, आणि ओळीने मांडलेल्या लोखंडी कढया. भट्टीवाले मामा म्हणाले, "बाई, तितं नका हुबं राहू, चटका बसंल. हिकडं बसा." सकाळचं दूध येत होतं. कुणी सायकलवर, कुणी मोटारसायकलला दोन्हीकडे कॅन अडकवून. मामा आधी डिग्री लावून बघायचे. दुधात पाणी आहे का, ते त्या काचेच्या नळीवरून कळतं. मी विचारलं, "आणि नळीलाही फसवलं तर?" मामा हसले. "कढईला कोण फसवणार? पाणी असलं तर वाफ हून जाईल. उतारा कमी पडला की समजतं."

उतारा म्हणजे, किती दुधाला किती खवा पडतो ते. म्हशीचं दूध असेल तर साधारण चार लिटरला एक किलो, गाईचं असेल तर पाच लिटरला एक किलो. कढईत चाळीस लिटर म्हशीचं दूध ओतलंय, तर खवा किती? पटकन सांगा! आणि उरलेल्या तीस किलोंचं काय झालं? ते पाणी होतं, छपरातून वर गेलं.

दूध उकळायला लागलं की उलथण्याने सारखं ढवळावं लागतं. एक क्षण हात थांबला तर तळाला लागतं, आणि लागलेला वास सगळ्या कढईला. आता पुष्कळ भट्ट्यांवर मोटारीवर फिरणारं ढवळणं आलंय, पण शेवटी खवा गोळा व्हायला लागला की मामा हातानेच घेतात. आधी पांढरा फेस, मग बासुंदी, मग रबडी, मग कडेला सुटणारा गोळा. त्या चुलीजवळ जानेवारीतसुद्धा मला घाम फुटला. मेमध्ये मामांचं काय होत असेल!

खव्याचेही प्रकार आहेत बरं का. पिंडी खवा घट्ट, त्याचे पेढे-बर्फी. धाप खवा मऊ, तो गुलाबजामला. दाणेदार कलाकंदाला. पुढच्या दिवाळीत आईला विचारा, कुठला आणलाय ते. नक्की चकित होईल ती.

चार लिटरची किटली एका किलोत मावली, आणि काही तासांत नासणारी वस्तू दोन-तीन दिवस टिकायला लागली. थंडपेटीत ठेवली तर आणखी पुष्कळ. तेवढ्या वेळात एसटी, ट्रक, मिठाईचं दुकान सगळं गाठता येतं. शेतकरी इथे खवा विकतो असं आपण म्हणतो. मला वाटतं, तो चुलीवर वेळ विकत घेतो.

पण हा वेळही एकदा कमी पडला.

२०२० सालचा मार्च तुमच्यातल्या मोठ्यांना आठवत असेल. शाळा बंद, रस्ते बंद. तुम्ही घरात बसलात, तुमची शाळा घरात आली. पण म्हशीला कसं सांगणार? मामांच्या शब्दांत सांगते, "म्हस काय क्यालेंडर बघून दूध देती व्हय?" दोन वेळा धार काढावीच लागते, नाहीतर कास दुखते, जनावर आजारी पडतं. दूध आलं. पण चहाची हॉटेलं बंद, मिठाईची दुकानं बंद, लग्नं पुढे गेलेली, जत्रा नाहीत. खवा घेणारंच कुणी उरलं नाही. भट्ट्या विझल्या. दूध घालायला आलेल्यांना मामांनी परत पाठवलं. "तोंड वर करून बोलवंना मला," ते म्हणाले. मला माझे केंद्रावरचे काका आठवले. त्यांचाही निरोप वरूनच आला होता. आजवर मी मनातून त्यांच्यावर रागावलेली होते, ते उगीचच.

महाराष्ट्र शासनाने तेव्हा ठरवलं, की राज्यातलं जादाचं दूध, रोज दहा लाख लिटर, पंचवीस रुपये लिटरने घ्यायचं आणि त्याची भुकटी करायची. भुकटी म्हणजे वेळ विकत घेण्याची सगळ्यांत मोठी रीत. साय काढलेल्या शंभर लिटर दुधाची जेमतेम नऊ किलो भुकटी होते, पण ती महिनोन् महिने टिकते. गुजरातमध्ये आणंदला १९५५ साली याच कारणाने कारखाना उभा राहिला. थंडीत तिथल्या म्हशी इतकं दूध द्यायच्या, की मुंबईला ते सगळं घेणं जमेना. तोवर बाहेरचे जाणकार म्हणत, म्हशीच्या दुधाची भुकटी होतच नाही. हरिचंद दलाया नावाच्या तंत्रज्ञाने ती करून दाखवली. पण भुकटीचे कारखाने डेअऱ्यांना जोडलेले. मामा म्हणाले, "आमचं दूध भट्टीचं. संघाच्या वहीत आमचं नावच नव्हतं."

मग त्यांच्या गावातल्या घरांनी काय केलं? वासरांना आचळ सोडलं; ती मात्र गुटगुटीत झाली! दूध वाटलं. आणि बायांनी विरजणाला दूध लावून, रोज पहाटे घुसळून, लोणी साठवून तूप कढवलं. पंधरा-सोळा लिटर म्हशीच्या दुधाला किलोभर तूप निघतं, आणि तूप महिनोन् महिने राहतं. मामांच्या घरच्या मावशींनी मला कोपऱ्यातली बरणी दाखवली. "तवा असल्या अकरा भरल्या हुत्या. कपाटात मावंनात, तर पोरांच्या दप्तराच्या फळीवर ठिवल्या."

काहींनी मात्र पेंड आणि सरकी कमी केली, कारण त्यांचे पैसे रोज लागत होते आणि दुधाचे येत नव्हते. खुराक तोडला की दूध आटतं. पण नंतर खुराक वाढवला म्हणून ते पहिल्याइतकं परत येत नाही, पुढच्या वेतापर्यंत थांबावं लागतं. मामांच्या शेजाऱ्यांनी दोन म्हशी विकल्या, त्या काही परत आल्या नाहीत. पुढे दुकानं उघडली, भट्ट्या पेटल्या. शेजाऱ्यांचा गोठा आता अर्धा रिकामा आहे, त्यात लाकडं रचलेली मी पाहिली.

संध्याकाळचं दूध यायला लागलं, तशी मी निघायची तयारी केली. एक मुलगी आली, सहावी-सातवीतली, वेणीला लाल रिबीन, हातात किटली. मामांनी माप घेतलं, वहीत आकडा लिहिला. तिने वाकून आकडा नीट वाचला. (बाईंना असं पोर दिसलं की फार बरं वाटतं.) मग रिकामी किटली उचलून तिने विचारलं, "मामा, उद्या आणू ना?"

"आण की," मामा म्हणाले.

ती गेल्यावर मी म्हटलं, "असं का विचारलं हो तिने?"

"रोज इचारती. त्या साली तिची आई भरली किटली घिऊन माघारी गेली हुती. तवापासनं घरात सांगून ठिवलंय, इचारल्याबिगर यायचं न्हाई."