कालव्याच्या काठाने चार दिवस

गतवर्षी जून महिन्यात मुलाकडे डब्लिनला गेलो होतो. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी आयर्लंडमध्ये सायकलवरून चार दिवस प्रवास करण्याचा बेत मी जाहीर केला, तेव्हा सौभाग्यवतींनी गुडघ्यांविषयी एक शब्दही काढला नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "अहो, पण चौविहाराचे काय? आणि त्या बटाट्याच्या देशात तुम्ही खाणार तरी काय?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सूर्यनारायणानेच दिले. जूनमध्ये तिकडे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. दिवसभर सायकल चालवून, मुक्कामी पोहोचून, स्नान आटोपून सावकाश भोजन केले तरी सूर्यास्ताला दोन तास शिल्लक राहतात. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरादाखल त्यांनी मेथीचे ठेपले, खाकरा, भाजलेले मूग आणि सुंठीची पूड यांनी एक पिशवी भरून दिली. त्या स्वतः नातवाजवळ थांबल्या. मी आणि चिरंजीव असे दोघेच निघालो.

शॅनन ही आयर्लंडची सर्वांत लांब नदी. तिला डब्लिनशी जोडणारा रॉयल कॅनॉल सुमारे १४५ किलोमीटर लांबीचा आहे. पूर्वी घोडे काठावरून चालत दोराने नावा ओढीत. घोड्यांच्या त्या वाटेवर आता पादचारी व सायकलस्वारांसाठी १३० किलोमीटरचा सलग मार्ग झाला असून, तो २०२१ साली खुला झाला. पश्चिमेचे क्लूनडारा हे त्याचे एक टोक आणि डब्लिनजवळचे मेनूथ हे दुसरे. आम्ही भाड्याच्या सायकली घेऊन रेल्वेने लाँगफर्डला गेलो, तेथून क्लूनडारा गाठले आणि पूर्वेकडे तोंड करून निघालो. दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटर एवढीच मजल ठरविली होती.

कालव्याकाठच्या प्रवासाचे सुख असे की चढ जवळजवळ जाणवतच नाही. पाण्याला डोंगर चढता येत नाही, म्हणून माणसाने त्याच्यासाठी पायऱ्या केल्या. त्यांना लॉक म्हणतात. दोन्ही टोकांना लाकडी दरवाजे असलेला हा दगडी हौद असतो. नाव आत आली की मागचा दरवाजा बंद करून वरचे पाणी आत सोडतात. पाणी चढते, तशी नावही चढते. मग पुढचा दरवाजा उघडतात. मुख्य कालव्यावर असे ४६ लॉक आहेत. क्लूनडाराचा शेवटचा, सेहेचाळिसावा. तेथून एकेक आकडा कमी होत जातो. एका लॉकवर एक वृद्ध दांपत्य आपली नाव वर चढवीत होते. त्यांना दरवाजाची तुळई ढकलण्यास आम्ही हात लावला. पंधरा-वीस मिनिटांच्या त्या कामात कोणालाही घाई नव्हती. आयुष्यभर तीन वाजता रोख मोजून कॅश बंद करण्याची सवय असलेल्या मला ते पाहूनच विश्रांती वाटली.

रात्री पाऊस पडून गेला की सकाळी वाटेवर गोगलगायी निघतात. पहिल्या सकाळी मी दर पाच मिनिटांनी उतरून सायकल हातात धरून चालू लागलो. चिरंजीव पुढे जाऊन थांबत असे. शेवटी तो म्हणाला, "बाबा, आपण ऊन पडल्यावर निघत जाऊ." ईर्यासमिती मुनिमहाराजांसाठी सांगितली आहे, हे खरे, पण चाकावर बसलेल्या श्रावकालाही तिची आठवण होण्यास हरकत नाही. पुढचे तिन्ही दिवस नवकारशी करून, वाट वाळल्यावर आम्ही निघालो.

सकाळच्या न्याहारीला सर्वत्र ओटची दुधातली लापशी मिळे. खायच्या सोड्याने आणि ताकाने फुगविलेला तपकिरी पाव मिळे. दुपारी मात्र प्रत्येक ताटात बटाटा असे, कधी कुस्करलेला, कधी तळलेला, कधी सूपमध्ये विरघळलेला. एका उपाहारगृहातील प्रौढ बाईंना मी आमचा नियम सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि म्हणाल्या, "बटाटा न खाणारे सबंध लोक? आमच्या पूर्वजांना तुमची भेट झाली असती तर बरे झाले असते." त्या हसत होत्या, पण ते वाक्य विनोदाचे नव्हते, हे मला आदल्याच दिवशी कळून चुकले होते.

क्लूनडाराच्या धक्क्यावर काशाचे दोन छोटे बूट आहेत. लहान मुलाचे, दोरीने एकत्र बांधलेले. एका जुन्या घराच्या अवशेषांत सापडलेल्या खऱ्या बुटांवरून ते ओतले आहेत. असे तीसहून अधिक जोड या वाटेने डब्लिनपर्यंत ठेवलेले आहेत. १८४७ सालच्या मे महिन्यात जवळच्या स्ट्रोक्सटाउन येथील जमीनदाराने आपल्या जमिनीवरील कुळांच्या, मुलाबाळांसह एकूण १,४९० माणसांना गाव सोडण्यास लावले. ती माणसे कालव्याच्या याच काठाने डब्लिनपर्यंत चालत गेली. तेथून लिव्हरपूल आणि मग जहाजाने कॅनडा. कित्येक जण समुद्रातच गेले. त्यांच्यात डॅनियल टाय नावाचा बारा वर्षांचा मुलगा होता. तो आणि त्याची धाकटी बहीण वाचली. क्वेबेकमधील एका फ्रेंच भाषक कुटुंबाने त्यांना सांभाळले.

कारण सर्वांना ठाऊक आहे. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला आणि सुमारे दहा लाख माणसे भुकेने व तापाने मेली. जवळजवळ तेवढीच देश सोडून गेली. मात्र बँकेत पीककर्जाच्या फायली पाहिलेल्या माणसाला पुढचा प्रश्न सुचतोच. एवढ्या हिरव्या देशात दुसरे काही पिकतच नव्हते काय? पिकत होते. ओट होते, गहू होता, लोणी होते, गुरे होती. परंतु धान्य खंड भरण्यासाठी विकायचे आणि बटाटा पोटासाठी ठेवायचा, अशी गरीब कुळाची विभागणी होती. बटाटा गेला तेव्हा पोट गेले. खंड मात्र उभाच राहिला. माणसे काठाने चालत असताना धान्याने भरलेल्या नावा याच कालव्याने डब्लिनच्या बाजारपेठेकडे जात होत्या. १८४७ साली देशाबाहेर गेलेल्या धान्यापेक्षा बाहेरून आलेला मका अधिक होता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पण मका विकत घ्यायलाही गाठीला पैसा लागतो. व्यापारात ढवळाढवळ करू नये, हे त्या वेळच्या सरकारचे धोरण होते. कोणत्याही व्यापाऱ्याने कायदा मोडला नव्हता. सर्वांचे हिशेब बरोबर होते.

त्या रात्री ॲबीश्रूल या गावी मुक्काम होता. प्रतिक्रमण झाले, तरी झोप येईना. मलाही बारावे वर्ष आठवत होते.

बार्शीकडच्या आमच्या गावी वडिलांचे आडत दुकान होते. १९७२ चा दुष्काळ. बायका खडी फोडायला जात. ज्वारीचा भाव दर आठवड्याला चढत होता आणि आमच्या वखारीत दोनशेच्या वर पोती होती. वडील सचोटीचे गृहस्थ होते. मापात पाप त्यांनी कधी केले नाही. भाव बाजारात असेल तोच घेतला. एके दिवशी एक बाई पिशवी घेऊन आली. तिने भाव विचारला, पदराची गाठ सोडून पैसे मोजले आणि काही न बोलता परत गेली. मी गादीवर बसून रोजमेळ लिहीत होतो. आजी आतून पाहत होती. रात्री ती वडिलांना एवढेच म्हणाली, "भाव काय होता ते मला सांगू नकोस. ती बाई रिकामी का गेली, ते सांग." वडील काही बोलले नाहीत. त्या वर्षअखेरीस त्यांनी पांजरपोळास मोठी देणगी दिली. तिची पावती चौकट करून बरीच वर्षे दुकानात लावलेली होती. ती बाई मात्र आमच्या कोणत्याच खात्यात जमा नव्हती.

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नव्हतो. दुसऱ्या दिवशी सायकल चालविताना चिरंजीवाला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबांना तुम्ही कधी विचारले नाही?" मी विचारले नव्हते. विचारण्याचे वय आले तोवर मी बँकेत लागलो होतो आणि बाजारभाव हेच उत्तर आहे, असे मलाही वाटू लागले होते.

तो दिवस कूलनाहे येथे सव्विसाव्या लॉकवर चढ संपवून मलिंगारला संपला. मलिंगार हा कालव्याचा माथा. लॉक ओवेल या सरोवराचे पाणी येथे कालव्यात येते आणि दोन्ही बाजूंना उतरत जाते. तिसऱ्या दिवशी बॉइन नदी आली. कालवा तिच्यावरून दगडी पुलाने जातो. वर संथ पाणी, खाली वाहते पाणी आणि मधून आम्ही, असा तो प्रसंग विसरता येणार नाही.

या कालव्याचा स्वतःचा ताळेबंदही शिकण्यासारखा आहे. ग्रँड कॅनॉल नावाचा पहिला कालवा दक्षिणेकडून शॅननकडे जातच होता. त्याच्याशी स्पर्धा म्हणून १७९० साली हा दुसरा सुरू झाला. कर्ज वाढत गेले. १८१३ मध्ये कंपनी मोडीत निघाली आणि सरकारने १८१७ मध्ये काम पुरे केले. सुमारे चौदा लाख पौंड खर्चून बांधलेला कालवा १८४५ मध्ये रेल्वे कंपनीने तीन लाखांच्या आसपास विकत घेतला, तोही मुख्यतः काठाच्या जमिनीवर रूळ टाकण्यासाठी. १९६१ मध्ये नौकानयन बंद झाले, गवत माजले. पुढे १९७४ पासून काठच्या स्वयंसेवकांनी तो साफ करायला घेतला आणि २०१० मध्ये नावा पुन्हा डब्लिनहून शॅननपर्यंत जाऊ लागल्या. आमच्या बँकेच्या भाषेत हे सरळ बुडीत खाते. पण लोकांनी ते निर्लेखित केले नाही.

दुष्काळातही असे न मोजणारे हात होते. क्वेकर पंथाच्या लोकांनी सूपची केंद्रे चालविली. अमेरिकेतील चॉक्टॉ आदिवासींना काही वर्षांपूर्वीच स्वतःच्या भूमीतून हुसकावले गेले होते. त्यांनी वर्गणी काढून पैसे पाठविले. आपल्या कलकत्त्याहून सुमारे १४ हजार पौंड गेले. मला मात्र राहून राहून भद्रेश्वरच्या जगडूशाहांचे स्मरण होत होते. तेराव्या शतकातील तीन वर्षांच्या दुष्काळात त्यांच्या कोठारांतून ताम्रपट निघाले आणि त्यांवर 'हे धान्य गरिबांचे आहे' असे कोरलेले होते, असे चरित्रकार सांगतात. ही कथा आपण पर्युषणात अभिमानाने ऐकतो. त्यातील मर्म मला कालव्याच्या काठी उमगले. ते धान्य दुष्काळ पडल्यावर दान केलेले नव्हते. साठवितानाच ते कोणाचे, हे ठरलेले होते. देणगी नफ्यातून निघते. जगडूशाहांनी नफा होण्याआधीच हक्क सोडला होता.

चौथ्या दिवशी दुपारी मेनूथला पोहोचलो. गुडघे शाबूत होते, ठेपले संपले होते. डब्लिनला परतल्यावर सौभाग्यवतींना घेऊन लिफी नदीच्या धक्क्यावर गेलो. रोवन गिलेस्पी या शिल्पकाराने १९९७ मध्ये केलेल्या, जहाजाकडे चाललेल्या हाडकुळ्या माणसांच्या मूर्ती तेथे आहेत. एका मूर्तीच्या हातात छोटे गाठोडे आहे. सौभाग्यवती तिच्यापुढे बराच वेळ उभ्या होत्या. मी त्यांना पिशवीवाल्या बाईची गोष्ट सांगितली.

आमचे दुकान आता पुतण्या सांभाळतो. गावी परतल्यावर त्यालाही सांगितली. तो म्हणाला, "काका, आता भाव मोबाइलवर येतो. आपण ठरवतो कुठे?" त्याचे म्हणणे खरे आहे. वडिलांच्या वेळीही भाव बाजारच ठरवीत होता. मी त्याला एवढेच म्हटले, की यंदा माल भरताना पाच पोती बाजूला ठेव आणि ती कोणाची, हे आजच वहीत लिही. त्याने माझ्याकडे पाहिले आणि वही उघडून विचारले, "खाते कोणाच्या नावे घालू?"

नाव मला माहीत नव्हते. आजीचे घातले.