औषधाआधी टेप

फुप्फुसं अचानक सुजून पाण्यानं भरलेला रुग्ण आयसीयूत आला, की मी आधी टेप मागवतो. वजन ९० किलो असलं तरी मला उंची हवी असते. अंगानं सुटल्यामुळे फुप्फुसं मोठी होत नाहीत. पुरुषाची उंची १६० सेंटिमीटर भरली, तर हिशेबाला ५७ किलोच धरायचे. किलोमागे ६ मिलिलिटर, म्हणजे व्हेंटिलेटरचा एक श्वास सुमारे ३४० मिलिलिटरचा. ९० किलो धरले तर ५४० जातील आणि दुखावलेलं फुप्फुस आणखी दुखावेल.

हे अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीनं २००० साली दाखवून दिलं. मोठे श्वास दिलेल्यांपैकी जवळजवळ ४० टक्के दगावले, छोटे श्वास दिलेल्यांपैकी ३१ टक्के. पहिल्या दिवशी रक्तातला ऑक्सिजन मात्र मोठ्या श्वासवाल्यांचाच बरा होता! मॉनिटरवरचा आकडा सुधारला म्हणजे माणूस वाचला, असं नव्हे. नायट्रिक ऑक्साइडनंही ऑक्सिजन वाढवला, पण जीव वाचवले नाहीत.

सर्फॅक्टंट, स्टॅटिन, साल्ब्युटामोल... प्रयोगशाळेत आशा दाखवणारी औषधं रुग्णांपर्यंत येऊन हरली. शिरेतून साल्ब्युटामोल देण्याची ब्रिटनमधली चाचणी तर अपायामुळे थांबवावी लागली. प्रयोगातला उंदीर तरुण, धडधाकट; त्याला इजा कशानं आणि केव्हा झाली, हे नेमकं ठाऊक असतं. आमच्याकडे येतो तो मधुमेही, चार दिवस ताप अंगावर काढलेला. कुणाला लेप्टो, कुणाला स्वाइन फ्लू, कुणाच्या पोटात पू. आम्ही सगळ्यांना एकच नाव देतो, एआरडीएस, आणि एकच औषध देऊन पाहतो.

कोविडमध्ये कारण एकच होतं आणि रुग्ण हजारो. तिथे २०२० साली डेक्सामेथासोननं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी केले. फसलेल्या एका स्टॅटिन चाचणीची २०१८ साली फेरतपासणी झाली, तेव्हा रक्तात दाह जास्त असलेल्या गटात त्या औषधानं जास्त जण जगल्याचं दिसलं. हा पुरावा नव्हे, पण वाट हीच आहे, असं मला मनापासून वाटतं. औषध चालतं का, एवढंच विचारून भागणार नाही. कोणत्या रुग्णाला, कितव्या दिवशी, हे विचारायला हवं. त्या चाचण्यांमध्ये आमचे पावसाळ्यातले लेप्टोचे रुग्णही हवेत. त्यांच्यासाठीचं उत्तर त्यांना वगळून मिळणार नाही.