विमानाचे नऊ तास

हल्ली दूरच्या नगरीचे अंतर विचारले असता उत्तर कोसांत वा किलोमीटरांत येत नाही. ते तासांत येते. लंडन मुंबईहून किती लांब? तर नऊ तास. हे उत्तर असत्य नव्हे. परंतु ज्या घरांतील मुले परदेशी आहेत, त्यांनी त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

शाळेतील पृथ्वीगोलावर मुंबई व लंडन यांमध्ये दोरा ताणून धरावा. तोच जवळात जवळचा आकाशमार्ग. सुमारे ७,२०० किलोमीटरांचा. अंतर जातायेता तेच, पण वेळ तोच नाही. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेस प्रबळ वारे वाहतात. म्हणून लंडनहून येणारे विमान तिकडे जाणाऱ्यापेक्षा साधारणतः तासभर कमी घेते. शिवाय आकाशासही सरहद्दी आहेत. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांस बंद केले, तेव्हा पश्चिमेकडील कित्येक फेऱ्यांस वळसा पडला.

तथापि प्रगती थोडी नव्हे. बोटीच्या काळी या प्रवासास आठवडे लागत. ८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ विमान मुंबईहून निघाले, ते कैरो व जिनीव्हा येथे थांबून १० जून रोजी लंडनला पोहोचले. आज मध्ये कोठे उतरावेच लागत नाही.

आमच्या थोरल्या भगिनी दौंड येथे निवर्तल्या, तेव्हा त्यांचे वडील चिरंजीव लंडनला होते. आम्ही शिरूरहून तेथे पोहोचलो, तो घरात एकच प्रश्न: थांबावे की न थांबावे? तरुण मंडळी म्हणाली, “मामा, नऊ तासांचा तर प्रश्न!” आम्ही कागद घेतला. विमान सुटण्यास अद्याप सहा तास; प्रवासाचे नऊ; मुंबईस तपासणी व सामान यांचे दोन; तेथून दौंडपर्यंत मोटारीचे सहा. बेरीज तेवीस झाली. आकडा पाहून सर्व स्तब्ध झाले. भाच्यास दूरध्वनी केला. क्षणभर थांबून तो म्हणाला, “मामा, आईला तिष्ठत ठेवू नका. धाकट्याच्या हातून होऊ द्या. मी निघतोच आहे.”

धाकट्याने अग्नी दिला. थोरला दुसऱ्या दिवशी सायंकाळी आला, आणि तिसऱ्या दिवशी दोघा भावांनी मिळून अस्थी सावडल्या. कोणाच्याही मनात किल्मिष राहिले नाही. कारण निर्णय ज्याचा होता, त्यानेच तो खरा हिशेब ऐकून दिला होता.

म्हणून वाचकांस आमचे सांगणे इतकेच, की मुलांचे अंतर मोजावे ते आपल्या उंबरठ्यापासून त्यांच्या उंबरठ्यापर्यंत. आणि अशा प्रसंगी काय करावे, हे सर्वजण सुखरूप एकत्र असतानाच बोलून ठेवावे. त्यात अशुभ काही नाही.