दे दान, सुटे गिराण

ग्रहण लागले की आमच्या गल्लीतून हाक फिरू लागे : ‘दे दान, सुटे गिराण!’ आजी सुपात जोंधळे आणि एखादे विरलेले लुगडे घेऊन दाराशी उभी राही. तेच जोंधळे ग्रहण सुटल्यावर दिले, तर तिच्या लेखी ती नुसती भिक्षा. ग्रहणात दिले तर दान. “दुसऱ्या दिवशी माणसाला भूक लागत नाही का?” असे मी विचारी. आजी म्हणे, “वेळेचं देणं वेगळं असतं रे.” या उत्तराने माझे समाधान कधीच झाले नाही.

तेव्हा मुदतीचे दान ही काही सातासमुद्रापलीकडून आलेली चीज नव्हे. मात्र व्हिडिओ गेम विकणाऱ्यांनीही तीच हाक उचलली आहे, हे मला माझ्या भाच्याकडून कळले. हा बंगळूरला संगणकाच्या कंपनीत असतो आणि दिवाळीला आमच्याकडे येतो. “मामा, आज रात्रीपर्यंत हे खेळ घेतले तर पैशातला वाटा धर्मादायाला जातो,” असे तो मोठ्या भाविकपणे म्हणाला. मला आजी आठवली.

या प्रकाराचा सर्वांत गाजलेला नमुना अमेरिकेतला. २०१० च्या मे महिन्यात वोल्फायर नावाच्या एका चिमुकल्या कंपनीने पाच खेळांचे गाठोडे विकायला काढले. नाव ठेवले ‘हम्बल इंडी बंडल’, म्हणजे नम्र गाठोडे! किंमत गिऱ्हाइकाने ठरवायची. मुदत थोड्या दिवसांची. शिवाय आपल्या पैशातले किती खेळ करणाऱ्यांना आणि किती दोन धर्मादाय संस्थांना, हेही गिऱ्हाइकानेच ठरवायचे. सुमारे १ लाख ३८ हजार लोकांनी मिळून १२ लाख ७० हजारांवर डॉलर दिले. एक सेंट देऊनही हे गाठोडे मिळत होते. तरी एकूण उचलीपैकी पाव हिस्सा चोरून झाली असावी, असा खुद्द कंपनीचा अंदाज होता. एक सेंट वाचवण्यासाठी चोरी! माणसाच्या स्वभावावर कादंबऱ्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्याने अशा वेळी लेखणी खाली ठेवावी.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसरे गाठोडे आले आणि त्यात आणखी एक खुबी होती. आजवरच्या गिऱ्हाइकांनी दिलेल्या रकमेच्या सरासरीहून जो अधिक देईल, त्याला पहिल्या गाठोड्यातले खेळ वर मिळायचे. गणिताशी माझे सख्य मॅट्रिकपुरतेच. पण वर्गात गुणपत्रके वाटताना सरासरीच्या वर असण्याची हौस मी रोज पाहतो. जो तो वर चढू लागला की सरासरीही वर चढते. म्हणजे आज घेईल त्याला ती पायरी ठेंगणी आणि रेंगाळेल त्याला उंच. दान, हौस आणि घाई यांची अशी वेणी घालणारा माणूस खरोखर बिलंदर म्हणायचा!

पण एवढी घाई कशासाठी? खेळ म्हणजे काही आंब्याची पेटी नव्हे, की चार दिवसांनी नासेल. त्याची प्रत कधी संपत नाही. उलट सहा महिने थांबले तर बहुधा तो स्वस्तच मिळतो. शहाण्या माणसाने थांबावे असाच हा माल आहे, आणि सगळे शहाणे निघाले तर करणाऱ्याने तोवर खायचे काय? हे दुखणे मला चांगले ठाऊक आहे. माझ्या कादंबऱ्यांनाही प्रकाशक ‘प्रकाशनपूर्व सवलत’ लावतात, ती काही वाचकांवरच्या प्रेमाने नव्हे. कागदाचे पैसे आधी द्यावे लागतात म्हणून! (हा दिवाळी अंकही तुमच्यापैकी काहींनी आगाऊ नोंदवून, सवलतीत घेतला असेल.) सवलतीने पुस्तकाचे मोल मात्र उतरते. खेळवाल्यांनी त्यावर तोड काढली. किंमत पाडायची नाही. घेणाऱ्याच्या पदरात पुण्य टाकायचे.

इथे नाक मुरडणारे पुष्कळ भेटतील. दान करायचे तर सरळ करा, त्यावर खेळण्याची लालूच कशाला, असे ते म्हणतील. माझ्या मनाचा अर्धा भाग त्यांच्याच बाजूचा आहे. २०२२ साली युक्रेनवर युद्ध कोसळले, तेव्हा ‘फोर्टनाइट’ या खेळाच्या कंपनीने २० मार्च ते ३ एप्रिल या दोन आठवड्यांचे उत्पन्न मदतकार्याला दिले. पोरे नेमकी खरेदीला तुटून पडतात तो खेळाचा नवा मोसम त्याच २० मार्चला सुरू झाला होता! मुहूर्त मोठा सोयीचा. पण जमले ते १४ कोटी ४० लाख डॉलर. युनिसेफ आणि जागतिक अन्न कार्यक्रमासारख्या संस्थांकडे ते गेले. तिथल्या आईने पाव हातात घेताना मुहूर्त पाहिला असेल, असे मला वाटत नाही.

कर्णाची ती गोष्ट सर्वांना माहीत आहे. डाव्या हातातली वाटी त्याने डाव्याच हाताने देऊन टाकली. उजव्या हातात घेईपर्यंत मन पालटले तर, अशी त्याला धास्ती. कर्णाला जर आपल्या मनाचा एवढा भरवसा नव्हता, तर तुमच्याआमच्या मनाला घड्याळ लावले म्हणून बिघडले कुठे?

आणि मनाचा उरलेला अर्धा भाग कुठे अडकला आहे, तेही सांगतो. नम्र गाठोड्यातल्या दोन संस्थांपैकी एकीचे नाव ‘चाइल्ड्स प्ले’. ‘पेनी आर्केड’ ही व्यंगचित्रमाला चालवणाऱ्या दोघांनी ती २००३ साली काढली. ती इस्पितळांतल्या मुलांना खेळणी आणि व्हिडिओ गेम पुरवते. आजारी पोराला औषध द्यायचे सोडून खेळ? मीही हेच म्हणालो असतो. पण माझी धाकटी मुलगी आठ वर्षांची असताना मांडीचे हाड मोडून पाच आठवडे पायाला वजन बांधून पडली होती. इस्पितळात दुपार किती लांब असते, हे मला तिथे कळले. सकाळी डॉक्टर येतात, संध्याकाळी नातेवाईक येतात. दुपारी फक्त पंखा असतो. शेजारच्या खाटेवर एक मुलगा होता. उजवा हात प्लास्टरमध्ये. त्याच्या मोबाइलवर मोटारीचा खेळ होता. त्याला दोन हात लागत आणि याच्याकडे होता एकच. एका दुपारी आयाबाईंनी त्याची खाट हिच्या खाटेला आणून भिडवली. मोबाइल मधे उशीवर ठेवून, त्याचा डावा हात आणि हिचा उजवा हात मिळून एक मोटार चालवू लागले. मोटार दर वळणावर खड्ड्यात जाई आणि दोघे असे हसत, की वजनाची दोरी हलून हिला कळ येई. तरी ती हसतच राही. ती पाच आठवड्यांत पहिल्यांदा हसली होती.

त्यानंतर खेळांच्या दानाकडे मी तुच्छतेने पाहू शकलो नाही. परंतु सगळे खेळ मोटारीचे नसतात. पोलंडमधल्या ‘इलेव्हन बिट’ या कंपनीचा २०१४ सालचा ‘धिस वॉर ऑफ माइन’ वेढ्यात अडकलेल्या नगरातल्या साध्या माणसांचा आहे. साराजेव्होचा वेढा पाहून तो सुचला. त्यात बंदूकबाजीपेक्षा सरपण, औषध आणि उद्याचे जेवण यांचीच चिंता अधिक. शेजारच्या देशात युद्ध पेटले, तेव्हा या कंपनीने आठवडाभराचा त्याचा सारा नफा युक्रेनच्या रेडक्रॉसला दिला. सुमारे साडेआठ लाख डॉलर भरले. त्या आठवड्यात ज्यांनी तो घेतला, त्यांना पैसे कुठे गेले हे सांगावे लागले नसेल.

आता आमच्या घरची गोष्ट. नम्र गाठोड्याची कंपनी २०१७ साली दुसऱ्या मोठ्या कंपनीने घेतली आणि २०२१ साली गिऱ्हाइकाच्या वाटणीवर मर्यादा आल्या. पण २०१९ च्या दिवाळीत पट्ट्या मोकळ्या होत्या. भाचा कार्ड काढून बसला होता. माझा तेरा वर्षांचा मुलगा भाऊबिजेला ओवाळणी घालून उरलेले पैसे मोजत होता.

“दानच करायचं तर नुसते पैसे पाठव की,” मी म्हणालो.

“तुम्ही पाठवाल?” त्याने विचारले. स्वर उद्धट नव्हता; त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी चष्मा पुसू लागलो.

पडद्यावर तीन पट्ट्या होत्या : खेळ करणाऱ्यांची, दानाची आणि दुकानाची. त्याने दानाची पट्टी टोकापर्यंत ओढली. बाकीच्या दोन्ही शून्यावर गेल्या. मग तो थांबला. “बाबा, म्हणजे ज्यांनी खेळ लिहिलाय त्यांना काहीच नाही?”

“काही नाही,” मी म्हणालो. माझ्या मागच्या कादंबरीचे मानधन त्या दिवसापर्यंत आले नव्हते, हे त्याला घरात ऐकून ठाऊक होते.

त्याने पट्टी थोडी मागे घेतली. मग आणखी थोडी. पुन्हा पुढे.

“आटप रे,” भाचा म्हणाला. “तासभरच उरलाय.”

“थांब ना दादा,” असे म्हणून पोरगा पट्ट्या सरकवीत राहिला.