जुनी वाट, लहान सायकल

मुलाला डोंगरात सायकल चालवायला शिकवायचे असेल, तर खास बांधलेल्या ट्रॅकपेक्षा टेकडीवरची एखादी जुनी, विस्मरणात गेलेली पायवाट जास्त चांगली, असे माझे ठाम मत आहे. पुण्याची वेताळ टेकडीच घ्या. समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीची ही टेकडी आज चारी बाजूंनी शहराने वेढलेली आहे. पाषाण, पंचवटी, गोखलेनगर अशा अनेक अंगांनी तिच्यावर वाटा चढतात. मोजक्या रुंद वाटांवर सकाळी फिरणाऱ्यांची रीघ असते. बाकीच्या वाटा गिरिपुष्पाच्या रानातून, उघड्या कातळावरून, जुन्या खाणीच्या बाजूने निमूट पुढे जातात. सायकलसाठी त्या कुणी आखल्या नाहीत. गुरांच्या खुरांनी आणि माणसांच्या पायांनी त्या मळल्या, आणि येणे-जाणे कमी झाले तशी त्यांच्यावर गवताने हक्क सांगितला. अशा वाटेवर पाचशे पावलांत जमीन चार वेळा बदलते, आणि मुलाला शिकण्यासारखे जे आहे ते ह्या बदलण्यातच आहे.

बांधलेल्या ट्रॅकवर वळणाचा कल, उंचवट्यांमधले अंतर, उताराची धार हे सगळे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते. तिथे मुलाचा हात बसतो, तोल पक्का होतो, वेगाची मजाही येते. त्याला मी कमी लेखत नाही. मात्र जमीन वाचायची गरज तिथे उरत नाही. टेकडीच्या वाटेवर ती पावलोपावली पडते. काळ्या कातळाची वीतभर उंच पायरी उतरून लगेच मुरमाचा पट्टा लागतो, तेव्हा काय होते ते पाहा. कातळावर सुटा मुरूम पसरला, की चाक मोहरीवर पाय पडावा तसे सरकते. तिथे पुढचा ब्रेक करकचून दाबला, तर चाक अडते आणि सायकल आडवी होते. म्हणून ब्रेक मुरमाच्या आधी, कोरड्या कातळावर लावायचा आणि मुरमावर हलका सोडायचा. बूड सीटवरून उचललेले, दोन्ही पेडल समपातळीत, गुडघे सैल, आणि नजर पायरीवर न खिळता पायरीच्या पलीकडे. आठ वर्षांच्या मुलाला हे व्याख्यान देऊन समजत नाही. पायरीपाशी उतरून, हाताने मुरूम चाळवून, दोनदा सायकल ढकलत नेऊन तिसऱ्यांदा स्वार झाले की ते अंगात मुरते.

ह्या खेळाचा इतिहासही माझ्या बाजूने आहे. 1976 च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावाजवळ काही तरुणांनी डोंगर-उताराची एक शर्यत लावली. रस्ता होता वणवा विझवणाऱ्यांसाठी केलेला कच्चा रस्ता, आणि सायकली होत्या जाड टायरच्या, काही दशके जुन्या. पेडल उलटे दाबून लागणारे त्यांचे ब्रेक उतारावर इतके तापत, की हबमधले ग्रीस जळून जाई आणि खाली पोचल्यावर ते नव्याने भरावे लागे. त्या उताराचे ‘रिपॅक’ हे नावही त्यावरूनच पडले. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ यांनी अशा उतारांसाठी खास सांगाडा घडवला, आणि 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बायकिंगला जागा मिळाली. म्हणजे दुसऱ्या कामासाठी पडलेली वाट आधी होती. तिच्या मागण्यांतून सायकल घडली आणि स्वारही घडले. आज आपण सायकल आधी घेतो आणि तिला शोभेल असा ट्रॅक शोधत बसतो.

पहिला आक्षेप धोक्याचा आहे, आणि तो रास्त आहे. खरचटणे होणार, कधी हाडही मोडू शकते. पण धोका शून्य करण्याची किंमतही मोजली पाहिजे. कॅनडातल्या मारियाना ब्रुसोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली मुलांच्या जोखमीच्या मैदानी खेळांवरच्या उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा एकूण परिणाम आरोग्याला हितकारकच दिसले. जोखीम मुलाच्या आवाक्यातली हवी, एवढीच अट. त्यासाठी मोठ्यांनी वाट आधी एकट्याने पाहून यावी, हेल्मेट घालावे, सीट खाली करावी, टायरमधली हवा थोडी कमी ठेवावी. अवघड जागी उतरून चालणे ही हार नव्हे, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगावे. महागडी सायकल लागत नाही. हलकी मात्र लागते. मुलाच्या वजनाच्या निम्म्या वजनाची सायकल त्याला चढावर रडकुंडीला आणते.

दुसरा आक्षेप वाटेच्या झिजेचा. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात विल्सन आणि सीनी यांनी 1994 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चाकांपेक्षा माणसांच्या पायांनी आणि घोड्यांनी वाटेवरची माती जास्त सुटी केली होती. कॅनडातल्या थर्स्टन आणि रीडर यांना 2001 साली पायी जाणे आणि सायकल यांच्या परिणामांत ठळक फरक आढळला नाही. ते डोंगर आपले नव्हेत हे खरे. आपल्याकडे पावसाळ्यात चाकाने पाडलेली खाच पाण्याला वाट करून देते आणि बघता बघता तिचा ओघळ होतो. म्हणून जून ते सप्टेंबर ह्या वाटांना विश्रांती द्यावी. जी वाट सरळ उताराच्या रेषेत खाली पडते ती सोडून द्यावी, तिला गवताखाली जाऊ द्यावे; आडवी, अंगाअंगाने चढणारी वाट निवडावी. वन विभागाने पाणी मुरवण्यासाठी खणलेले चर बुजवू नयेत, आणि जिथे सायकलला मनाई असेल तिथे जाऊच नये. प्रत्येक जुनी वाट वाचवण्याजोगी नसते, हे मुलालाही कळायला हवे.

उरतो पायी चालणाऱ्यांचा प्रश्न. वाट त्यांची आहे, आपण पाहुणे. समोरून आजोबा आले की थांबायचे, पाय टेकायचे, त्यांना पुढे जाऊ द्यायचे. हा संस्कार ट्रॅकवर मिळत नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. वेताळ टेकडीवरून रस्ता आणि पोटातून बोगदे नेण्याच्या प्रस्तावांविरुद्ध 2023 साली पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. टेकडी ज्यांच्या पायाखालची होती, ते उतरले. आणखी वीस वर्षांनी असाच प्रस्ताव आला, तर बोलणार कोण? ज्याने लहानपणी तिचा कातळ आणि मुरूम चाकाखाली ओळखला, तोच. म्हणून आई-बाबांनो, पाऊस सरून वाटा वाळल्या की मुलाची सायकल काढा, ब्रेक तपासा, पाण्याची बाटली घ्या आणि गर्दीची वाट सोडून जुन्या वाटेला लागा. टेकडी राखायची असेल, तर तिच्यावर वाढलेली मुले हवीत.