आबांच्या डबीतली गोळी

१/८
या धाग्यात एरवी किल्ले आणि लढाया येतात. आज एक करंगळीच्या पेराएवढी गोळी. खालापूर तालुक्यातील आमच्या घरी ती पितळी डबीत असे. आबा, म्हणजे माझे आजोबा, ती तळहातावर ठेवून सांगत, "ही उंबरखिंडीतली." २ फेब्रुवारी १६६१ रोजी कुरवंडा घाटाने कोकणात उतरणाऱ्या कारतलबखानाच्या मोगल फौजेला शिवाजी महाराजांनी चावणीजवळच्या या खिंडीत कोंडले आणि शरण आणले. शाळेत असताना एका प्रदर्शनात मीच त्या गोळीखाली 'उंबरखिंडीच्या लढाईतील गोळी' अशी चिठ्ठी लावली होती. यंदा आबांना ती गावातल्या शाळेला द्यायची होती, त्याच चिठ्ठीसह.

२/८
इतिहासाचे रीतसर शिक्षण घेऊ लागल्यावर ती चिठ्ठी मला टोचू लागली. तोड्याच्या बंदुकीची गोळी बहुधा शिशाची असे. आमची गोळी शिशाची होती का? चुंबक तिला चिकटला नाही. म्हणजे खोपोलीच्या रस्त्यावर एखाद्या ट्रकमधून पडलेला बेअरिंगचा छर्रा ती नव्हती. नखाने वा सुरीने ओरखडा काढला असता तर धातूचा मऊपणा कळला असता, पण जुन्या वस्तूवर नवी जखम करणे मनाला पटेना. वस्तूला धक्का न लावता धातू ओळखायचा, तर घनता मोजणे हाच मार्ग होता.

३/८
घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. दर घन सेंटिमीटरला लोखंड सुमारे ७.९ ग्रॅम भरते, तांबे ८.९६, चांदी १०.५ आणि शिसे ११.३४. गोळीचे वजन १६.०८ ग्रॅम भरले. आकारमानासाठी प्रयोगशाळेतील मोजपात्रात ती सोडली. पात्रावरील खुणा एकेका मिलिलिटरच्या; पाणी एक आणि दोन यांच्या मध्ये कुठेतरी चढले. म्हणजे घनता ८ ते १६. या पट्ट्यात तांबेही बसते, चांदीही आणि शिसेही!

४/८
मग व्हर्निअर कॅलिपरने व्यास मोजला. गोळी एका बाजूने चेपलेली. एका दिशेने १३.६ मिलिमीटर, दुसऱ्या दिशेने १४.३. व्यासाचा घन करावा लागत असल्याने लहानशी चूक तिप्पट होते. पहिल्या आकड्याने घनता १२.२ आली, दुसऱ्याने १०.५. शंका होती तिथेच राहिली.

५/८
उपाय सापडला कर्जतच्या बाजारात, एका सराफाच्या काट्यावर. पाण्याची वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्य केला. गोळी बारीक दोऱ्याला बांधून, तळाला वा काठाला टेकू न देता, पूर्ण बुडेल अशी धरली. पाणी गोळीला जितके वर ढकलते, तितकीच गोळी पाण्याला खाली ढकलते. आणि एक घन सेंटिमीटर पाणी साधारण एक ग्रॅम भरते. म्हणून काट्यावरचे ग्रॅम हेच गोळीचे आकारमान. चिकटलेले बुडबुडे झटकून तीनदा मोजले: १.४४. घनता ११.२. शिसे! सराफकाका हसून म्हणाले, "एक तोळा साडेचार मासे शिशासाठी एवढा खटाटोप?"

६/८
हा खटाटोप जुनाच आहे. आर्किमिडीजच्या मुकुटाची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पण भारतावर ग्रंथ लिहिणाऱ्या अल्-बिरुनीने अकराव्या शतकात बारीक नळीचे पात्र वापरून, वस्तू बुडवल्यावर नळीतून सांडलेले पाणी तोलले होते. धातू आणि रत्ने यांच्या घनतेची त्याने केलेली मोजमापे आजच्या आकड्यांच्या बरीच जवळ जातात.

७/८
मी आनंदाने घरी आले आणि जिन्यातच थबकले. घनतेने धातू सांगितला होता, तारीख नव्हे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला, म्हणजे चुलीवरही वितळते. ठासणीच्या बंदुकीसाठी अशा गोळ्या लोक घरीच ओतत, आणि आपल्या डोंगरपट्ट्यात त्या बंदुका १६६१ नंतर कित्येक पिढ्या चालल्या. ही गोळी मोगलावर झाडलेली असेल, किंवा रानडुकरावर. काळ ठरवायचा तर ती नेमकी कुठे आणि कशासोबत मिळाली, हे कळायला हवे होते. आबांना विचारले. "वडिलांना नांगरताना मिळाली. शेत कुठलं, ते मी कधी विचारलंच नाही गं." एवढ्या वर्षांत मीही त्यांना विचारले नव्हते.

८/८
आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे लढाईतली नाही?" मी म्हटले, "नाही असं म्हणता येत नाही, आबा. आहे असंही म्हणता येत नाही." त्यांनी डबी माझ्यापुढे सरकवली. "मग तसंच लिही. पोरं विचारतील तरी." नवी चिठ्ठी अशी आहे: 'शिशाची गोळी. वजन १६.०८ ग्रॅम, घनता ११.२. खालापूर तालुक्यात शेत नांगरताना मिळाली. जागा आणि काळ अज्ञात. उंबरखिंडीतील असल्याचे घरात सांगत आले आहेत.'
तुमच्या घरीही अशी एखादी डबी असेल. काटा नंतर आणा, आधी घरातल्या थोरांना विचारा, "ही वस्तू नेमकी कुठे मिळाली?" आणि उत्तर त्याच दिवशी लिहून ठेवा.