किलोच्या भावाने

जालना एमआयडीसीत लोखंडाला कुणी वय विचारत नाही, वजन विचारतात. ट्रक काट्यावर चढतो, भरल्याचं वजन होतं, रिकाम्याचं होतं, पावती फाटते. मोडकी कपाटं, नांगराचे फाळ, पाण्याच्या टाक्या, गाड्यांचे पत्रे, सगळं एकाच ढिगात. इंडक्शन भट्टीत सोळाशे अंशांच्या आसपास त्याचा रस होतो, रसाचे बिलेट, बिलेटची सळई, आणि ती कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसते. या धंद्यावर आमचं गाव जगतं, मीही जगतो. त्यामुळे भट्टीशी माझं भांडण नाही.

मग अशा गावात जुनी गाडी वाचवायची हौस कुठून लागते? मी ती श्रीमंतांची समजत होतो. चकचकीत मोटारी, रॅली, फेटेवाले मालक. आमच्यापर्यंत ती आली भंगाराच्या दुकानातून. दारात एक बजाज चेतक उभी होती आणि दुकानदार तिचा भाव किलोवर लावत होता. सोबतच्या फिटरने सहज किक हाताने दाबून पाहिली. ती खाली गेली, पण मोकळी नाही, आतून दाब लागला. "इंजिन जाम नाही हिचं," तो म्हणाला. हौस धरते ती बहुधा अशाच एखाद्या वाक्यापाशी. आत अजून काही शाबूत आहे असं हाताला कळलं, की मग किलोचा भाव कानाला खटकायला लागतो.

पुढचं काम हात करतात आणि कुतूहल त्यांच्या मागून येतं. कार्बोरेटर उघडावा, जेट साफ करावा, पॉइंटचा गॅप लावावा. यात लपवलेलं काही नसतं, पाना आणि सबुरी असली की गाडी स्वतःच शिकवते. चेतक 1972 ची, पण तिचं घराणं व्हेस्पाचं. कोराडिनो दास्कानियो हा विमानं आणि हेलिकॉप्टरं आखणारा इटालियन अभियंता. त्याला मोटारसायकलची आवड नव्हती. 1946 च्या व्हेस्पात त्याने वेगळी फ्रेम ठेवलीच नाही, भार पत्र्यावरच टाकला. म्हणून हिचा पायाखालचा पत्रा सडला तर सांगाडाच सडला. वरून लांबी भरून रंग मारणं ही फसवणूक ठरते. सडका भाग कापून नवा पत्रा जोडावा लागतो. एवढं उमगलं, की रस्त्यात दिसेल त्या स्कूटरखाली वाकून बघायची खोड लागते.

या कामाला गावही लागतं. सिलिंडर झिजला तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवणारा टर्नर लागतो, पोचा आलेला पत्रा हातोडीने ठोकून सरळ करणारा डेंटर लागतो. एकेकाळी याच स्कूटरसाठी लोक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघत. साताऱ्यात प्रिया ही स्कूटर बनवण्यासाठी 1975 साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी निघाली, तरी वाट बघणं काही संपलं नाही. मिळालेली गाडी जपणं ओघानेच आलं, आणि त्या जपण्यावर गल्लोगल्ली कारागीर पोसले गेले. आज गाडी वाचते तेव्हा त्यांच्या हातातली विद्याही आणखी थोडी टिकते. भट्टी वजन राखते, घडण राखत नाही. ती राखायची तर माणूसच लागतो.

म्हणून सगळंच वाचवावं असं मात्र नाही. टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलबरोबर ऑईलही जाळतं, धूर सोडतं. ते रोजच्या वापराला नको. अंगणात पाच सांगाडे आणून ठेवले आणि एकही उघडला नाही, तर ती हौस नव्हे, साठेबाजी. बहुतेक गाड्यांनी सळई व्हावं हेच बरं. एखादी निवडावी आणि ती मात्र पुरी करावी.

कायद्यानेही आता थोडी जागा ठेवली आहे. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूप राखलेल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' मालिकेचा विंटेज क्रमांक मिळू शकतो. पहिल्या चेतकांनी पन्नाशी ओलांडली आहे.

तेव्हा घरात वडिलांची स्कूटर उभी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एखाद्या जुन्या मेकॅनिकला बोलवा. त्याला किक दाबू द्या. आणि आधी आरसी बुक शोधून ठेवा. इंजिन पुन्हा बांधता येतं. हरवलेल्या कागदांपायी मात्र चालू झालेली गाडीही दारातच उभी राहते.